अंगावर काढण्याचा इतिहास

‘अंगावर काढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांतल्या पुरुषांसाठीच घडवला असावा, असं कधी कधी वाटतं. ताप अंगावर काढायचा, छातीतली कळ ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढायची, सहा-सहा महिने झोप लागत नसली तरी तीही. कुणी काळजीनं विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “मला काय धाड भरलीय?”

याची किंमत मोजली जाते आणि छापलीही जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत दर दहांमागे सातांहून थोडे अधिक पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता, २२,७४६.

‘पुरुष बोलतच नाहीत’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. त्यांना विचारलं कुणी, कधी आणि कशासाठी, हे पाहायला हवं.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकांवर सकाळी कोण बसलेलं असतं? गरोदर बाया, तान्ही मुलं, म्हाताऱ्या. गावातली आरोग्यव्यवस्था बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन या कामांभोवती उभी राहिली. मातामृत्यू आणि बालमृत्यू पाहता ते योग्यच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळिशीतल्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं तिथं काही काम उरलं नाही.

सरकारी दवाखान्यानं पुरुषाला एकदा मात्र जोरात हाक मारली होती. ती आणीबाणीत. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा सगळ्यांना ‘केसेस’ आणायचं टार्गेट होतं. महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. पुढच्या वर्षी सरकार पडलं, ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ हे नाव आलं आणि शस्त्रक्रियेचा सगळा भार बायकांवर गेला. तो आजही तिथंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नसबंदी केलेल्या पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के निघालं. एका पिढीच्या मनात आरोग्य खात्याची जीप आणि धास्ती यांची गाठ पक्की बसली. आज आजोबा झालेली माणसं तपासणीचं नाव काढताच का बिथरतात, हे समजून घेताना मला ही गोष्ट विसरता येत नाही.

मनाच्या आजारांची वाट तर याहून अवघड होती. १९१२ चा ‘लुनसी अॅक्ट’, म्हणजे वेड्यांसंबंधीचा कायदा, १९९३ पर्यंत चालू होता. मनोरुग्णालयात भरती व्हायचं तर बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. “याला येरवड्याला धाडा”, “ठाण्याला पाठवा” ही आपली चेष्टेची वाक्यं त्याच काळातली, आणि ती ऐकत वाढलेला मुलगा मोठेपणी मनोविकारतज्ज्ञाची पायरी सहजी चढत नाही. जीव द्यायचा प्रयत्न करून जो वाचला, त्याच्या खाटेशी पोलीस येत. दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार तो गुन्हेगार होता.

बदल सुरू झाला तो त्याच येरवड्याच्या आवारात. पत्रकार-लेखक अनिल अवचट यांनी ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयातच काम करत होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्या जागेत ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

व्यसनमुक्ती केंद्र म्हणून मुक्तांगणची ओळख सगळ्यांना आहे. मला त्याचं महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटतं. मराठी पुरुषाला मदत मागायला एक शब्द तिथं मिळाला. “मला उदास वाटतं” हे त्याच्या तोंडून निघणं कठीण. “दारू सोडायचीय” हे मात्र तो म्हणू शकतो. एकदा आत आला की बापाचा मार, बुडालेला धंदा, बायकोपुढे वाटणारी शरम हे सगळं हळूहळू बाहेर येतं. ऐकणारा कार्यकर्ता अनेकदा स्वतःच त्यातून गेलेला असतो. त्यामुळे उपदेश ऐकावा लागत नाही आणि थापाही खपत नाहीत. घरच्या बाईला वेगळं ऐकून घेणारा ‘सहचरी’ गट तिथं तयार झाला, हीसुद्धा फार मोठी समज होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगांमध्येही हेच होतं. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरलं तेव्हापासून पद्धत तीच, आधी एकानं स्वतःचं सांगायचं, मग दुसऱ्याला सांगावंसं वाटतं.

डॉक्टर नसलेल्या माणसानं ऐकून घेण्याचं हे सूत्र पुढे गोव्यात शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिलं गेलं. ‘संगथ’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांबरोबर काम केलं. ते तिथं इतर दुखण्यांसाठी आले होते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा ज्यांच्याशी असं बोलणं झालं होतं त्यांच्यातल्या ४२ टक्क्यांनी मागच्या दोन आठवड्यांत थेंबही घेतला नव्हता. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होतं.

त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प चालला. शेतकरी आत्महत्यांमुळे तिथं पॅकेजं आणि पाहणी पथकं येऊन गेली होती, घरात येऊन “झोप लागते का?” असं विचारणारं मात्र फारसं कुणी नव्हतं. प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी ते विचारलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं. दीड वर्षाच्या कामानंतर ते २७.२ टक्क्यांवर गेलं. यात स्त्रियाही होत्या, आणि अजून बहुतेकजण बाहेरच होते. तरीही मला हा आकडा फार मोठा वाटतो, कारण गावं तीच, कर्ज तेच, आभाळही तेच होतं.

कायदा उशिरा जागा झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि जीव देऊ पाहणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता, असं गृहीत धरायचं ठरलं. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. १० ऑक्टोबर २०२२ ला मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी ‘टेलीमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आली. तिथं दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं.

शरीराच्या तपासणीसाठी पुरुषांना खास बोलावणं आलं ते त्यानंतर. २०२२ च्या नवरात्रात राज्यानं बायकांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान घेतलं होतं. पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरपासून ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ या नावानं अठरा वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासण्या सुरू झाल्या. ‘केस’ म्हणून नव्हे, त्याची स्वतःची तब्येत पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यानं गावातल्या पुरुषाला असं बोलावलं, तेव्हा आणीबाणीतल्या त्या शिबिरांना सत्तेचाळीस वर्षं झाली होती.