मेंदू शांत केल्याने वाढणारे झटके

अपस्मारावरील औषधे म्हणजे मेंदूला गुंगी आणणाऱ्या गोळ्या, अशी समजूत अजूनही रूढ आहे. सुरुवातीच्या औषधांपुरती ती फारशी चुकीची नव्हती, कारण १८५७ पासून वापरात आलेली ब्रोमाइडे आणि १९१२ मध्ये आलेले फिनोबार्बिटल ही दोन्ही सुस्ती आणणारीच होती. गुंगी न आणताही झटके रोखता येतात, हे १९३८ मध्ये फेनिटॉइनने दाखवून दिले. परंतु या समजुतीला खरा छेद देतो तो अपस्माराचा एक वेगळाच प्रकार, ज्यात चेतापेशींवरील दमन वाढवले, तर झटके कमी होण्याऐवजी वाढू शकतात. त्याचे कारण कॅल्शियमच्या एका विशिष्ट दारात दडलेले आहे.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आठवतात. इथे मात्र त्याचे काम निरोप्याचे आहे. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियमच्या मुक्त आयनांचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते, त्यामुळे पेशीपटलातील प्रथिनांची दारे, म्हणजेच कॅल्शियम चॅनेल, क्षणभर उघडली तरी आत होणारा बदल मोठा असतो. ही दारे पटलावरील विद्युतदाबानुसार उघडतात आणि त्यांचे अनेक प्रकार आहेत. बहुतेक प्रकारांना उघडण्यासाठी जोरदार विद्युत स्पंद लागतो. टी-प्रकारच्या चॅनेलला मात्र अगदी हलका धक्का पुरतो, पण एका विचित्र अटीवर.

एकदा उडालेला उंदराचा सापळा पुन्हा ताणून ठेवल्याशिवाय उडत नाही. टी-चॅनेलचेही तसेच आहे. पेशीचा दाब उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, तेव्हा यांतील बहुतेक चॅनेल निकामी अवस्थेत असतात आणि कितीही धक्के दिले तरी उघडत नाहीत. त्यांना पुन्हा सज्ज करायचे, तर पेशीचा दाब आणखी उणे, म्हणजे उणे ८० च्या आसपास न्यावा लागतो आणि तो सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत तरी तिथे राहावा लागतो. चेतापेशीचा दाब असा खाली नेण्याचे काम करतात ते दमन करणारे संदेश. म्हणजे जो संदेश पेशीला ‘गप्प राहा’ असे सांगतो, तोच तिच्यातील टी-चॅनेल ताणून ठेवतो. दमन ओसरून दाब वर येऊ लागला की हे सज्ज चॅनेल एकदम उघडतात, कॅल्शियम आत घुसते आणि त्या लाटेवर स्वार होऊन काही विद्युत स्पंदांचा झुपका बाहेर पडतो. मग चॅनेल आपोआप पुन्हा निकामी होतात.

मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये अशा पेशी विपुल आहेत आणि त्यांच्याभोवती दमन करणाऱ्या पेशींचा एक पातळ थर आहे. थॅलॅमसमधील पेशींनी झुपका सोडला की तो बाह्यकाकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाकडे जातो आणि या दमनकारी थरालाही उत्तेजित करतो. थर उलट दमन पाठवतो, त्या दमनामुळे टी-चॅनेल पुन्हा सज्ज होतात आणि पुढचा झुपका निघतो. निरोगी मेंदूतही झोपेच्या काही अवस्थांत असेच तालबद्ध झुपके निघतात. मात्र हे चक्र जागेपणी सेकंदाला सुमारे ३ वेळा फिरू लागले आणि बाह्यकही त्याच तालात अडकले, म्हणजे ॲब्सेन्स प्रकारचा झटका येतो. मूल पडत नाही, त्याच्या तोंडाला फेस येत नाही. ते काही सेकंद शून्यात पाहते आणि मग जणू काही घडलेच नाही अशा थाटात अर्धवट राहिलेले वाक्य पुढे नेते. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून रागावणे किंवा त्याला बाधा झाल्याचे ठरवणे, दोन्ही सारखेच अडाणीपणाचे आहे. अपस्मार दैवी कोपाने होत नाही, हे हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच ठासून सांगितले होते.

एथोसक्सिमाइड हे औषध नेमके या चक्रात हात घालते. रुग्णाच्या रक्तात आढळते तेवढ्याच प्रमाणात ते थॅलॅमसच्या पेशींतील टी-चॅनेलमधून वाहणारा प्रवाह कमी करते, असे स्टॅनफर्डमधील डेव्हिड प्रिन्स यांच्या गटाने १९८९ च्या सुमारास प्राण्यांच्या पेशींवर दाखवले. ते अन्य काही आयनप्रवाहांवरही परिणाम करते असे पुढील प्रयोगांत दिसले, त्यामुळे सगळे श्रेय टी-चॅनेललाच द्यावे का, यावर वाद आहे. पण सापळ्याचे गणित लक्षात घेतले, तर गाबा या दमनकारी रसायनाचा प्रभाव वाढवणारी व्हिगाबॅट्रिन आणि टायागाबिन ही औषधे अन्य अपस्मारात उपयोगी पडूनही ॲब्सेन्स झटके का वाढवू शकतात, हे उलगडते.

गाबापेंटिनची कथा याहून निराळी आहे. गाबासारखी रेणुरचना योजून ते घडवले गेले आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. पण ते गाबाच्या ग्राहींना, म्हणजे गाबाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटतच नाही. १९९६ मध्ये कळले की ते कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा या साहाय्यक घटकाला चिकटते. हा घटक चॅनेलना चेतातंतूच्या टोकापर्यंत पोहोचवण्यास मदत करतो, आणि तिथे शिरणारे कॅल्शियमच पुढच्या पेशीसाठी रासायनिक संदेश सोडवते. गाबापेंटिन दार बंद करत नाही, तर बसवली जाणारी दारेच कमी करते. ही दारे टी-प्रकारची नसतात. ॲब्सेन्स झटक्यांवर गाबापेंटिनचा उपयोग होत नाही.