गल्ल्यामागची पोरं चित्रचौकटीत येतात

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या एका हॉटेलात तिघं मित्र व्हिएतनामी फो सूप ओरपत टवाळक्या करत बसलेत. सायमनची नजर खिडकीबाहेर जाते आणि तो एकदम गप्प होतो. पलीकडे शाळेतली जुनी मैत्रीण उभी आहे. ती अंध आहे, आणि तिला टाळण्यासाठी त्याने एकदा थाप मारली होती. डेरेक कर्क किम यांची ‘सेम डिफरन्स’ ही चित्रकथा इथून सुरू होते. सायमन आणि नॅन्सी कोरियन वंशाचे, पण गोष्ट आहे ती पंचविशीतल्या खजीलपणाची. कोरियन म्हणजे काय, हे कुणीही समजावत बसत नाही. एवढा सहजपणा यायला बराच काळ जावा लागला.

13 जानेवारी 1903 रोजी ‘गेलिक’ जहाजातून शंभरावर कोरियन माणसं हवाई बेटांवरच्या होनोलुलूला उतरली, उसाच्या मळ्यांत राबायला. 1924च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांना दार जवळपास बंदच केलं. ते सताड उघडलं 1965च्या कायद्याने. 1970च्या जनगणनेत सुमारे 70 हजार असलेले कोरियन 1990पर्यंत 8 लाखांच्या घरात गेले. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर अमेरिकेला गेले तेही याच कायद्याच्या वाटेने. मात्र पदवी असूनही इंग्रजी अडल्यामुळे अनेक कोरियन आईबाप किराणा दुकानाच्या नाहीतर ड्रायक्लीनिंगच्या गल्ल्यावर बसले. जन्म कोरियातला आणि शाळा अमेरिकेतली अशा त्यांच्या मुलांना ‘दीड पिढी’ म्हणतात. घरी आलेलं इंग्रजी पत्र आईबापांना वाचून दाखवायचं काम त्यांचंच. किम स्वतः आठव्या वर्षी अमेरिकेत आले.

29 एप्रिल 1992 रोजी लॉस एंजेलिसमध्ये दंगल पेटली. कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं लुटली, जाळली गेली. कोरियनमध्ये त्या दिवसाला नुसतं ‘सा-इ-गु’ म्हणतात: चार, दोन, नऊ. आपण इथे नेमके कोण, हा प्रश्न त्यानंतर मोठ्याने विचारला जाऊ लागला.

चित्रकथेची वाट वेगळी होती. सॅन फ्रान्सिस्कोत 1931 सालीच हेन्री कियामा यांनी चार जपानी तरुणांची चित्रमालिका पुस्तकरूपात काढली होती, पण ती परंपरा तिथेच खुंटली. नव्वदीत एड्रियन टोमिने हा जपानी वंशाचा पोरगा झेरॉक्स काढून आपल्या चित्रकथा विकत होता. सुपरहिरो कॉमिक्सच्या कारखान्यात अशा गोष्टींना कोण विचारणार? पैसा आला भलतीकडून. ‘निंजा टर्टल्स’ या कॉमिक्सच्या कमाईतून तिचे एक निर्माते पीटर लेअर्ड यांनी 1992 साली झेरिक प्रतिष्ठान काढलं, स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यांना ते अनुदान देई. किम 2000पासून आपल्या संकेतस्थळावर पानं टाकत होते. झेरिकच्या पैशावर 2003 मध्ये ‘सेम डिफरन्स’चं पुस्तक आलं आणि आयस्नर, हार्वी, इग्नॅट्झ असे कॉमिक्सच्या जगातले तिन्ही मान किम यांना मिळाले. चिनी वंशाचे चित्रकथाकार जीन लुएन यांगही झेरिकच्याच आधाराने उभे राहिले. त्यांचं ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ 2006चं.

कथेत वंशाचा विषय जवळपास बाजूला ठेवणारे किम एरवी मात्र गप्प बसले नाहीत. ‘द लास्ट एअरबेंडर’ या अ‍ॅनिमेशन मालिकेवरून काढलेल्या 2010च्या चित्रपटात आशियाई धाटणीच्या मुख्य पात्रांसाठी गोरे नट घेतल्याचं कळताच त्यांनी जाहीर निषेध केला. यांग त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे त्याच मालिकेच्या कॉमिक्सचं लेखन यांग यांच्याकडे आलं.