चिनी मुलांचं इंग्रजी वाक्य कुठे अडतं?

दर जूनमध्ये चीनमधल्या गाओकाओची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत येते. बारावीनंतरची ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा. 2025 साली तिच्यासाठी 1 कोटी 33 लाख 50 हजार मुलांनी नावं नोंदवली होती. बातमीवर गप्पा सुरू झाल्या की कुणीतरी हमखास म्हणतं, "गणितात ही मुलं पुढे असतील, पण इंग्रजी त्यांना कसं जमणार? त्यांची लिपीच चित्रांची!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर नीट लिहायलाच हवं. चिनी मुलांना इंग्रजी उतारे कठीण जातात हे खरं आहे, पण लिपी हे त्याचं मुख्य कारण नाही. खरं कारण मला कितीतरी अधिक सुंदर वाटतं, आणि मराठी वाचकाला ते जगातल्या बहुतेकांपेक्षा लवकर कळेल.

आधी लिपीचा गैरसमज. चिनी लिपीतली 80 टक्क्यांहून जास्त अक्षरं चित्रं नाहीत, जोडकामं आहेत. एक भाग अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा. 'आई' या अर्थाच्या 'मा' अक्षरात डावीकडे स्त्री आणि उजवीकडे घोडा असतो. घोडा तिथे आला तो केवळ आवाजापुरता, कारण चिनी भाषेत घोड्यालाही 'मा'च म्हणतात, फक्त सूर वेगळा. शिवाय 1958 साली चीनने पिनयिन ही रोमन अक्षरांतली लेखनपद्धत स्वीकारली आणि तिथली मुलं ती पहिलीतच शिकतात. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ चिनी माणसांना शब्दातला पहिला आवाज काढून टाकायला किंवा नवा जोडायला सांगितलं होतं. फक्त चिनी अक्षरं शिकलेल्यांना ते फार जड गेलं, पिनयिनही शिकलेल्यांना सहज जमलं. म्हणजे लिपीचा परिणाम असतोच, पण आजच्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने तो टप्पा लहानपणीच ओलांडलेला असतो.

मग शब्दसंपत्ती कमी पडते का? गाओकाओत 750 पैकी 150 गुण इंग्रजीचे. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्यातले 50 वाचनाचे असतात: चार उताऱ्यांवर पंधरा प्रश्न, आणि पाच रिकाम्या जागांसाठी सातांतून पाच वाक्यं निवडायची एक कसोटी. अभ्यासक्रम सुमारे 3000 शब्दांची अपेक्षा ठेवतो. त्याबाहेरचा शब्द उताऱ्यात आला तर बऱ्याचदा शेजारी कंसात त्याचा चिनी अर्थ छापलेला असतो. वाचन-संशोधनात एक आकडा नेहमी भेटतो, 98 टक्के. मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा असेल तर त्यातले साधारण इतके शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासांत एखादाच अनोळखी. पाठांतर करून आणि कंसांचा आधार घेऊन चिनी विद्यार्थी परीक्षेच्या उताऱ्यात या आकड्याच्या जवळ पोचतो.

शब्दांच्या बाबतीत त्याची एक अडचण मात्र खरी आहे. चिनी भाषेत पाणघोडा म्हणजे 'नदी-घोडा', मधुमेह म्हणजे 'साखर-लघवी-रोग'. शब्द उघडला की आत अर्थ दिसतो, अगदी आपल्या 'पाणघोडा' आणि 'मधुमेह'सारखा. इंग्रजीत 'हिपोपोटॅमस' आणि 'डायबेटीस' ही बंद कुलपं आहेत. त्यांच्या किल्ल्या ग्रीकमध्ये आहेत आणि त्या शाळेत कुणी देत नाही. त्यामुळे पाठांतराचं ओझं वाढतं.

पण सगळे शब्द माहीत असूनही वाक्य हातातून निसटतं, त्याचं काय? मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा असेल. शब्दकोश उघडा आहे, प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने अर्थ लिहिलाय, आणि वाक्य कळत नाही. चिनी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात अशा वाक्यांना 'छांग-नान-ज्यू' म्हणतात, लांब-कठीण वाक्यं. त्यांच्या विश्लेषणाची वेगळी पुस्तकं निघतात आणि वेगळे तास होतात.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते.

मँडरिन शिकताना एके दिवशी फळ्यावर पाच तुकडे लिहिले गेले: 'मी, काल, विकत-घे, द, पुस्तक'. त्यातला 'द' हा इंग्रजीतला नव्हे, चिनी भाषेतला एक इवलासा प्रत्यय. त्याचं काम इतकंच, की आपल्या आधीचं सगळं पुढच्या नामाचं विशेषण करून टाकायचं. मी ते मराठीत वाचलं: "मी काल विकत घेतलेलं पुस्तक." शब्दाला शब्द जुळला, क्रमासकट! आपल्या 'घेतलेलं'मधलं 'लेलं' जे करतं तेच चिनी 'द' करतो. इंग्रजीत मात्र हेच उलटं होतं: 'द बुक आय बॉट यस्टरडे'. आधी पुस्तक, मग त्याची हकीकत.

चिनीत नामाचं वर्णन नामाच्या आधी येतं, इंग्रजीत नंतर. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यामुळे काय घडतं ते बघा. हे इंग्रजी वाक्य घ्या: 'द सायंटिस्ट हू फाउंड द व्हायरस दॅट किल्ड द बर्ड्स लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज.' मराठीत: पक्ष्यांना मारणारा विषाणू शोधून काढणारी शास्त्रज्ञ एका छोट्या खेड्यात राहायची. खेड्यात कोण राहायचं असं विचारलं, तर घाईत वाचणारे बरेच जण म्हणतील, पक्षी. कारण शेवटचा तुकडा एकटा वाचला तर 'द बर्ड्स लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज' हे अगदी निर्दोष इंग्रजी वाक्य आहे. डोळ्यासमोर कर्ता, क्रियापद, ठिकाण असं सरळ दिसत असताना मन सात-आठ शब्द मागे ठेवलेल्या शास्त्रज्ञाकडे कशाला जाईल?

जायला हवं, कारण इंग्रजी वाचक 'हू' दिसताच एक हिशेब उघडा ठेवतो: शास्त्रज्ञाचं क्रियापद अजून आलेलं नाही. मग 'दॅट' दिसतो आणि उघड्या हिशेबाच्या आत दुसरा हिशेब उघडतो. 'किल्ड'ने आतला मिटतो, 'लिव्ह्ड'ने बाहेरचा. मनाची तात्पुरती स्मृती एका वेळी तीन-चार गोष्टीच धरू शकते. इंग्रजीत मुरलेला वाचक हे इतकं आपोआप करतो की त्याला ते जाणवतही नाही.

चिनी वाचकाची सवय वेगळी घडलेली असते. त्याच्या भाषेत ही शास्त्रज्ञ अशी अवतरेल: 'शोध, मार, पक्षी, द, विषाणू, द, शास्त्रज्ञ'. इथे आधी कुठलीही पाटी नाही. वाचक पुढे जातो, 'द' येतो, आणि मागचं सगळं एका झटक्यात विशेषण होऊन बसतं. 'हू' आणि 'दॅट' पुढे काय येणार ते आधी सांगतात, 'द' मागे काय होऊन गेलं ते नंतर सांगतो.

त्यात क्रियापदांची भर. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, आणि एकाच वाक्यात क्रियापदं जोडणीशिवाय ओळीने उभी राहू शकतात: 'तो जा, विकत-घे, पुस्तक, वाच'. म्हणजे वाचायला पुस्तक विकत घ्यायला तो गेला. म्हणून इंग्रजी वाक्यात 'फाउंड', 'किल्ड', 'लिव्ह्ड' अशी तीन क्रियापदं दिसली तरी चिनी वाचकाच्या मनात धोक्याची घंटा वाजत नाही. इंग्रजीत प्रत्येक क्रियापदाला स्वतःचा कर्ता लागतो, हा नियम त्याला पाठ असतो, पण डोळ्यात भिनलेला नसतो.

आणखी एक गंमत भाषाशास्त्रज्ञांना भुलवते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि वर्णन नामाच्या आधी येतं. जपानी, कोरियन, तमिळ यांचंही तसंच, आणि हे एकमेकांना शोभतं. चिनीत क्रियापद इंग्रजीसारखं कर्माच्या आधी येतं, पण वर्णन मराठीसारखं नामाच्या आधी. असं मिश्रण असलेल्या भाषा जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. म्हणून चिनी वाक्यरचना वाचन-संशोधकांची आवडती प्रयोगशाळा आहे. इंग्रजीत 'खासदारावर टीका करणारा पत्रकार' ही रचना 'खासदाराने ज्याच्यावर टीका केली तो पत्रकार' या रचनेपेक्षा सोपी जाते, कारण दुसरीत नाम आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे वर्णनाच्या आत ते नाम एरवी जिथे बसलं असतं ती जागा, यांच्यातलं अंतर वाढतं. 2003 साली चिनीवरच्या एका प्रयोगात नेमकं उलटं आढळलं: चिनीत दुसरी रचना सोपी. अंतराचा हिशेब लावला तर ते बरोबरच येतं, कारण नाम शेवटी आल्यामुळे अंतरंच उलटतात. मग इतरांनी प्रयोग केले, काहींना तेच दिसलं, काहींना इंग्रजीसारखंच दिसलं, आणि वाद चालू राहिला. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर पुन्हा एकदा सावकाश वाचा. वाचताना जी ओढाताण झाली, तीच आपण मोजतो आहोत.

मराठी वाचकाकडे इथे एक जादा हत्यार आहे. आपल्याकडे 'घेतलेलं पुस्तक' आहे, तसंच 'जे पुस्तक मी घेतलं, ते' हेही आहे. आपला 'जो-जी-जे' म्हणजे आधी लावलेली पाटीच. तो आला की 'तो-ती-ते' येणार हे कानाला कळतं. इंग्रजीच्या 'हू'ची ओळख आपल्याला 'जो'कडून करून देता येते. चिनी मुलाला त्याच्या भाषेत असं कुणी नातेवाईक सापडत नाही.

उपायांकडे वळण्याआधी एका फसवणुकीबद्दल बोललं पाहिजे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये काही चित्रफिती पसरल्या. शाळकरी मुलं पुस्तकाची पानं पंख्यासारखी फडफडवत होती आणि शिकवणीवाले म्हणत होते, हे 'क्वांटम तरंग वाचन' आहे, पाच मिनिटांत एक लाख अक्षरं! क्वांटम भौतिकीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. वाचताना डोळा एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग उडी मारतो. पान फडफडत असताना डोळ्यातल्या केंद्रबिंदूवर अक्षरं टिकतच नाहीत, मग मेंदूत जाणार काय? आपल्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन' वर्ग निघाले आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यांना आव्हान दिलं, तो हाच धंदा. आईबापांची काळजी विकून पैसे करणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

शाळांमधला रूढ उपाय प्रामाणिक आहे. मुलांना वाक्याचं 'झूगान' शोधायला शिकवतात. झूगान म्हणजे झाडाचं मुख्य खोड. मूळ क्रियापद शोधा, त्याचा कर्ता शोधा, बाकीच्या फांद्यांना कंस घाला. यातून 'शास्त्रज्ञ राहायची' हे खोड लख्ख दिसतं. ही पद्धत मला आवडते, कारण ती अडचणीच्या नेमक्या जागी हात घालते. पण ती वाक्य संपल्यावर करायची शस्त्रक्रिया आहे. खोड सापडलं की विद्यार्थी फांद्या उलट्या क्रमाने चिनीत आणतो, म्हणजे शेवटापर्यंत जायचं, परत मागे यायचं आणि मग अर्थ लावायचा. इंग्रजीत मुरलेल्या वाचकाच्या नजरेच्या उड्यांतल्या 10 ते 15 टक्केच मागे जातात. प्रत्येक वाक्य उलटं करून वाचणाऱ्याला चार उतारे वेळेत संपवता येत नाहीत, आणि उताऱ्याचा धागाही हरवतो. सातांतून पाच वाक्यं निवडताना 'इट', 'दे', 'धिस' कुणाकडे बोट दाखवतात हे धरून ठेवावं लागतं. चिनीत, मराठीसारखंच, सर्वनाम पुष्कळदा गाळलेलं चालतं, त्यामुळे ही बोटंही नजरेतून सुटतात.

म्हणून मला 'यी-छ्युन' जास्त महत्त्वाचं वाटतं. यी-छ्युन म्हणजे अर्थाचा पुंजका. वाक्य उलटं न करता, आलं त्या क्रमाने पुंजक्यांत घ्यायचं. याला 'फान-दू'ची, म्हणजे भरपूर आणि सोप्या वाचनाची जोड हवी. 'जिंग-दू' या बारीक वाचनात एक पान आठवडाभर सोलतात. त्यातून नियम कळतो, पण डोळ्याला सवय लागायला तीच रचना शेकडो वेळा, सहज कळणाऱ्या गोष्टींत भेटावी लागते.

पुंजक्यांचं वाचन घरी करून बघता येईल. आपलं वाक्य कागदावर लिहा, त्यावर पोस्टकार्ड ठेवा आणि ते उजवीकडे थोडं थोडं सरकवा. द सायंटिस्ट: एक शास्त्रज्ञ आहे. हू फाउंड द व्हायरस: तिने विषाणू शोधला, पण तिचं पुढे काय, ते अजून यायचंय. दॅट किल्ड द बर्ड्स: त्या विषाणूने पक्षी मारले, शास्त्रज्ञ अजून थांबलेलीच आहे. कार्ड सरकतं, 'लिव्ह्ड' उघडा पडतो. पक्ष्यांचं सांगून झालंय, विषाणूचंही झालंय. थांबलेली एकच आहे, म्हणजे खेड्यात राहायची ती.