आयर्विनखालचं पाणी आणि आयतालेखाच्या कडा

कोयना धरणातून विसर्ग वाढला की सांगलीत माणसं खुशाली विचारायच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल; पाण्याची पातळी तिथे मोजतात. उत्तर फूट-इंचांत येतं. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, तेव्हापासून तर हे आकडे पोराटोरांनाही पाठ झाले. रोजची पातळी साध्या मजकुराच्या फाइलीत, एका ओळीला एक आकडा, अशी टिपून ठेवायची सवय मलाही तेव्हाच लागली.

वर्षभराची फाइल साठली की पुढचा प्रश्न येतोच: नदी किती दिवस कुठल्या पातळीला होती? त्याचं चित्र म्हणजे हिस्टोग्राम, आपल्या दहावीच्या गणितातला आयतालेख. आज त्यासाठी आलेखाचा कागद लागत नाही. पायथन या संगणकभाषेत चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली की चित्र समोर. मात्र त्या चार ओळींत एक निर्णय गुपचूप घेतला जातो. तो पूर्वी हाताने, उघडपणे घ्यावा लागायचा: एक वर्ग कुठे संपवायचा आणि दुसरा कुठून सुरू करायचा. आयतालेखाचा इतिहास चाळताना माझं लक्ष सारखं या कडांकडेच जातं.

शाळेत आपण काय करायचो ते आठवा. ० ते ५, ५ ते १०, १० ते १५ असे वर्ग पाडायचे, एकेक आकडा वाचत ताळ्याच्या खुणा करायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मग वारंवारता, मग पट्टी-पेन्सिल. ४० हा आकडा आला की वर्गात हमखास कुणीतरी हात वर करायचं: "सर, हा ३५ ते ४० मध्ये घ्यायचा की ४० ते ४५ मध्ये?" वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, पुढच्यात धरायची, हे उत्तर ठरलेलं. हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, हे पुढे दिसेल.

स्तंभालेख आयतालेखापेक्षा जुना. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये आपल्या व्यापारी नकाशासंग्रहात तो काढला, तोही नाइलाजाने. बाकीच्या देशांचे वर्षानुवर्षांचे आकडे त्याच्याकडे होते, त्यांच्या त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच वर्षाचे होते. एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्याने स्कॉटलंडचा ज्या-ज्या देशांशी व्यापार होता त्या प्रत्येकापुढे आयातीची आणि निर्यातीची पट्टी मांडली. त्या पट्ट्यांचा क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही. आयर्लंड वर घ्या नाहीतर रशिया. आयतालेखात तसं चालत नाही. तिथे आडव्या अक्षावर सलग माप असतं आणि एका खांबाची उजवी कड हीच पुढच्याची डावी कड असते.

'हिस्टोग्राम' हा शब्द इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनचा. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात १८९१ च्या सुमारास तो आलेखांच्या भूमितीवर व्याख्यानं देत होता, तिथे त्याने तो वापरला. छापील व्याख्या १८९५ च्या शोधनिबंधात आली. तिचा गाभा असा, की स्तंभांनी वारंवारता दाखवायची ती क्षेत्रफळाने, आणि ते क्षेत्रफळ पायाच्या पल्ल्यावर उभं करायचं. उंचीने नव्हे, क्षेत्रफळाने. पुष्कळ पुस्तकं या शब्दाची व्युत्पत्ती खांब किंवा डोलकाठी या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेतात. व्याख्यानांत मात्र पिअर्सन इतिहासाबद्दल बोलत होता: राजांच्या कारकिर्दी, पंतप्रधानांचे कालखंड असे काळाचे ठोकळे मांडायची रीत.

हे उदाहरण साताऱ्याला फार छान लागू पडतं. थोरले शाहू महाराज १७०८ ते १७४९, म्हणजे ४१ वर्षं. प्रतापसिंह महाराज १८०८ ते १८३९, म्हणजे ३१ वर्षं. त्यांच्यानंतर शहाजी उर्फ आप्पासाहेब १८३९ ते १८४८, जेमतेम ९ वर्षं. समजा एखाद्या दप्तरात शाहूंच्या काळातली ८२ पत्रं निघाली आणि आप्पासाहेबांच्या काळातली २७. उंचीनेच मोजाल तर शाहूंचा खांब तिप्पट उंच होईल. पण पाया ४१ वर्षांचा धरला तर त्याची उंची वर्षाला २ पत्रं, आणि आप्पासाहेबांच्या अरुंद खांबाची ३. कडा राजाच्या गादीवर बसण्याने ठरल्या, त्या सारख्या अंतरावर नाहीत, म्हणून क्षेत्रफळ महत्त्वाचं. आपण सगळे वर्ग सारखे घेतो तेव्हा उंची आणि क्षेत्रफळ एकाच मापात चालतात आणि मूळ गोष्ट विसरायला होते.

पिअर्सन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होता. तो १९३३ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेला एक तरुण फर्ग्युसनमधली पदवी घेऊन त्या कॉलेजात दाखल झाला: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पिअर्सनचा मुलगा एगॉन आणि संख्याशास्त्रज्ञ नेमन यांच्याकडे शिकून त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे रोममध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक झाले, १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. खटाव-माणच्या त्या पट्ट्यात पाऊस बेताचाच. तिथला माणूस आयुष्यभर पीक आणि पोषण मोजत राहिला याचं मला नवल वाटत नाही.

सुखात्म्यांचं एक काम इथे सांगायलाच हवं, कारण ते कडांचंच आहे. १९४० च्या दशकात पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात तुकडा आखून तेवढंच पीक कापून तोलायची पद्धत बसवली जात होती. तुकडा केवढा घ्यायचा यावर वाद होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण काम लवकर उरकतं. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की फार लहान तुकड्यांतून उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. दोरीवर उभं असलेलं धाट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. ४ फूट बाजूच्या चौकोनाला १६ चौरस फुटांमागे १६ फूट कड असते. ४० फुटांच्या चौकोनाला १६०० चौरस फुटांमागे १६० फूट. म्हणजे लहान तुकड्यात कडेवरची चूक दहापट महाग पडते. आयतालेखात वर्ग अरुंद करत गेलात की हेच होतं. कडा वाढतात आणि कडेवर बसलेले आकडे सगळं चित्र हलवतात.

वर्ग किती पाडावेत याला पहिलं सुटसुटीत सूत्र दिलं हर्बर्ट स्टर्जेसने, १९२६ मध्ये. नोंदींच्या संख्येचा दोन पायाचा लॉगरिदम काढा आणि त्यात १ मिळवा. ३६५ नोंदींना ९.५ येतं, म्हणजे १० वर्ग. १९७९ मध्ये स्कॉटने आणि १९८१ मध्ये फ्रीडमन-डायकोनिस यांनी नोंदी किती पसरल्यात ते पाहून रुंदी ठरवणारी सूत्रं दिली. ती गणिती दृष्ट्या सरस आहेत, पण जुनं सूत्र इतकं सोपं की ते प्रोग्रामांत जाऊन बसलं आणि अजून हललेलं नाही.

यंत्राकडे काम गेलं ते छिद्रांच्या कार्डांवरून. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत होलेरिथच्या यंत्राने कार्डं मोजली. १९२८ मध्ये ८० रकान्यांचं कार्ड आलं आणि त्या ८० चा ठसा पडद्यावरच्या ओळीच्या लांबीवर पुढे कितीतरी वर्षं राहिला. ओळीने छापणाऱ्या प्रिंटरवर आयतालेख आडवा काढायचे. एका वर्गाला एक ओळ, एका नोंदीला एक फुली. खांब उभे करायचे तर आधी सगळी मोजणी संपवून वरून खाली छापत यावं लागतं, आडवे असतील तर वर्ग संपला की ओळ छापून मोकळं. मग अक्षरांना क्रमांक देणारा १९६३ चा आस्की संकेत, १९७० च्या दशकातली युनिक्स ही संगणकप्रणाली, आणि १९७७ मध्ये एहो, वाइनबर्गर, कर्निघन या तिघांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली 'ऑक' ही छोटी संगणकभाषा. मजकुराची फाइल ओळीओळीने वाचायची आणि प्रत्येक ओळीवर काहीतरी करायचं, ही आजच्या स्क्रिप्टची रीत 'ऑक'ने रुळवली. आयतालेखाचं मर्म त्यात एका ओळीत मावतं: आकड्याला वर्गांतराने, म्हणजे वर्गाच्या रुंदीने, भागा, अपूर्णांक टाकून द्या, आलेल्या नंबराच्या डब्यात, म्हणजे वर्गात, एक वाढवा. ताळ्याची खूणच ती.

आलेख काढणारा प्रोग्राम 'ग्नूप्लॉट' १९८६ चा. नावात ग्नू असलं तरी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे त्यात हिस्टोग्राम नावाची जी शैली आहे ती आयती मोजणी मागते आणि खरं तर स्तंभालेख काढते. कच्च्या आकड्यांवरून आयतालेख हवा तर लोक वरचंच भागाकाराचं सूत्र लिहून एकाच वर्गात पडलेल्या नोंदींची बेरीज करून घ्यायचे; वर्ग पाडायची सोय थेट आज्ञेत आली ती २०१७ च्या ५.२ या आवृत्तीत. तोवर ते सूत्र एकाच्या स्क्रिप्टमधून दुसऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये फिरत राहिलं, आणि फिरताना पुष्कळदा त्यातलं अर्धं वर्गांतर मिळवायचं राहून गेलं. ग्नूप्लॉट खांब दिलेल्या बिंदूच्या मधोमध उभा करतो. डावी कडच बिंदू म्हणून दिली तर ४० ते ४५ चा खांब ३७.५ ते ४२.५ वर उभा राहतो. चित्र देखणं दिसतं, आणि इशारा पातळी त्यात अडीच फूट आधीच ओलांडलेली असते.

सांख्यिकीसाठीची 'आर' ही संगणकभाषा न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला इहाका आणि जंटलमन यांनी १९९० च्या दशकात रचली; तिचा पूर्वज 'एस' बेल लॅबमधला. पायथनमधलं आलेख काढायचं साधन 'मॅटप्लॉटलिब' जॉन हंटरने २००३ च्या सुमारास काढलं, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहण्याच्या कामातून. दोन्हीकडे एकच फाइल द्या आणि गंमत बघा. समजा वर्षाच्या ३६५ नोंदी आहेत, सर्वांत कमी ७ फूट, सर्वांत जास्त ५७. पायथनमध्ये काही न सांगता हिस्टोग्राम मागितला तर तो ७ ते ५७ चे सरळ १० भाग करतो: ७, १२, १७ असं करत ४२, ४७. म्हणजे ४२ ते ४७ हा एकच खांब, आणि धोक्याची पातळी त्याच्या पोटात गडप. 'आर' स्टर्जेसच्या १० वर्गांपासून सुरुवात करतं, पण कडा गोळाबेरीज करून ५, १०, १५ अशा लावतं, त्यामुळे ४० आणि ४५ नेमके कडेवर येतात. वाहवा म्हणेपर्यंत दुसरा पेच: 'आर' वरची मर्यादा वर्गात धरतं. बरोबर ४० फुटांचा दिवस ३५ ते ४० मध्ये पडतो, जणू इशारा पातळी आलीच नाही. पायथन मात्र शाळेच्या नियमाने चालतो, खालची मर्यादा आत, वरची बाहेर. फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही आत. वर्गात हात वर करणाऱ्या पोराचा प्रश्न अजून मिटलेला नाही, तो 'आर' आणि पायथन यांच्यात वाटला गेला आहे.

माझी फजिती याहून साधी. आपल्याकडे ३९ फूट ११ इंच हे घाईत ३९.११ असं टिपलं जातं. माझी सगळी फाइल तशीच होती. एक फुटाचे वर्ग होते तोवर काही कळलं नाही, कारण ३९ च्या पुढे काहीही असो, डबा ३९ चाच. पाव फुटाचे वर्ग केले आणि चित्राला कंगव्यासारखे दात आले: प्रत्येक फुटाचा पहिला खांब उंच, मग बुटका, मग जरा बरा, मग पुन्हा बुटका. नदी प्रत्येक फुटाच्या सुरुवातीला मुक्काम करते की काय, असंही एक रात्र वाटून गेलं. मग बोटांवर मोजलं. स्क्रिप्टच्या लेखी ०, १, २ इंच पहिल्या पाव फुटात, पण .१० आणि .११ म्हणजे १० आणि ११ इंचही तिथेच. दुसऱ्यात ३, ४. तिसऱ्यात ५, ६, ७. चौथ्यात ८, ९. प्रत्येकी तीन इंच यायला हवे होते, आले पाच, दोन, तीन, दोन. वर्ग अरुंद केले म्हणूनच चूक सापडली, हेही खरं.

देवनागरी आकड्यांचंही एक आहेच. जगभरच्या लिप्यांच्या युनिकोड या संकेतात ते १९९१ पासून आहेत. पायथनला '३९' हा मजकूर संख्या करायला सांगितला तर तो निमूटपणे ३९ करतो. 'ऑक'ला तो आकडा वाटतच नाही, तो शून्य धरतो. सगळं वर्ष पहिल्या डब्यात, कृष्णा कोरडी.

आता माझ्या फाइलीत फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत असतात, स्क्रिप्ट इंचांना १२ ने भागून फुटांत मिळवते. आणि पहिल्या ओळीवर # ही खूण करून मी लिहून ठेवतो: वर्ग ० पासून, ५ फुटांचे, डावी कड आत. ग्नूप्लॉट, 'आर'मधलं read.table आणि पायथनमधलं नमपायचं loadtxt तिघेही ती ओळ सोडून पुढे वाचतात.