समारंभाचा पोशाख (मुंबई)

लग्न, मुंज, स्वागतसमारंभ, हळदीकुंकू, सरकारी मेजवानी किंवा कंपनीची पार्टी अशा प्रसंगी रोजचे कपडे बाजूला ठेवून घातला जाणारा पोशाख. मराठी घरांत यांना ‘ठेवणीतले कपडे’ म्हणतात. अलीकडे आमंत्रणावर ड्रेस कोड छापलेला असतो. पण मुंबईतला मराठी माणूस कपडे ठरवतो ते मुख्यतः दोन गोष्टींवरून: यजमानांशी नाते किती जवळचे, आणि हॉलपर्यंत जायचे कसे.

लग्नात नात्याचा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो. शालू नवरीचा. मुहूर्ताआधी गौरीहर पुजताना ती मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसते. करवली, आत्या, मावशी, काकू यांनी नऊवारी किंवा पैठणी नेसून मिरवावे अशी अपेक्षाच असते. त्यांनी साधी साडी नेसली तर ‘काही बिनसलंय का?’ अशी कुजबुज सुरू होते. उलट नवऱ्या मुलाच्या ऑफिसातली पाहुणी नथ, अंबाडा, गजरा असा सगळा थाट करून आली, तर ‘लग्न नक्की कोणाचं?’ हा प्रश्न जेवणाच्या पंगतीपर्यंत पुरतो. पाहुणीसाठी काठापदराची साडी किंवा चांगला सलवार-कुर्ता, पाहुण्यासाठी कुर्ता-पायजमा किंवा इस्त्रीचा शर्ट पुरे. घरच्या पुरुषांना फेटे असतात. हॉलच्या दाराशी फेटेवाला एकेकाला खुर्चीत बसवतो, कापडाचे एक टोक त्यालाच धरायला देतो आणि दोनतीन मिनिटांत तुरा उभा करतो. तो सैल बांधला तर अक्षता टाकेपर्यंत घसरतो आणि घट्ट बांधला तर कपाळावर वळ उठतो.

मुहूर्त सकाळी आणि रिसेप्शन संध्याकाळी असेल तर दोन वेगळे पोशाख लागतात. संध्याकाळी सूट, शेरवानी, घागरा, गाउन सगळे चालते. काळा रंग मात्र अजूनही जपून वापरावा. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने कौतुकाने घातले जातात, पण एरवी मंगलकार्यात काळे घालणाऱ्याकडे एखादी आजी तरी रोखून बघतेच. नवरात्रात प्रश्नच नसतो. वर्तमानपत्रांत त्या त्या दिवसाचा रंग आलेला असतो आणि लोकलचा लेडीज डबा सकाळी एका रंगाचा झालेला दिसतो.

मुंबईची हवा दमट आणि लग्नसराईचा मोठा हंगाम एप्रिल-मेचा. रेशीम, जर, अस्तर लावलेला ब्लाऊज आणि तीन पदरी सूट हे सगळे एसी हॉलचा भरवसा धरून घातले जाते. एसी बंद पडला की नवऱ्याच्या शेरवानीची अवस्था फोटोतही लपत नाही. अत्तर किंवा डिओ थेट जरीवर मारू नये, जर काळवंडते. डोंबिवलीहून दादरला लग्नाला निघालेली बाई दागिने पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते, निऱ्यांना मोठी सेफ्टी पिन लावते, पदर कमरेशी खोचते आणि साध्या चपला घालून गाडीत चढते. उंच टाचांचे सँडल पिशवीत असतात, ते हॉलच्या जिन्यात बदलले जातात. रविवारी मेगाब्लॉक असेल तर सरळ ड्रेसवर निघून वधूपक्षाच्या खोलीत साडी नेसणे शहाणपणाचे. पादत्राणांवर फार खर्च करण्यात तसाही अर्थ नाही, कारण पूजा, मुंज, हळदीकुंकू या सगळ्यांत ती दाराबाहेरच राहतात. मोज्यांना भोक नाही ना, एवढे मात्र घरून बघून निघावे.

मुंबईचे सगळे मराठी समारंभ एकाच साच्याचे नाहीत. वांद्रे, गोराई, वसई भागातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजाने हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. घरची बोली मात्र मराठीचीच. त्यांच्याकडे चर्चमध्ये नवरी पांढऱ्या गाउनमध्ये आणि नवरा सुटात असतो, तर ‘उंबराचं पाणी’ आणायला बँडच्या तालावर विहिरीकडे निघालेल्या बायका लुगडे नेसलेल्या असतात. एकाच लग्नात दोन्ही पोशाख सहज नांदतात.

इंग्रजी वळणाचे ड्रेस कोड ही वेगळी परिभाषा आहे. ‘ब्लॅक टाय’ म्हणजे काळा टाय बांधून जाणे नव्हे, हा गैरसमज फार आढळतो. त्यात काळे डिनर जॅकेट, पांढरा शर्ट आणि काळा बो अपेक्षित असतो. ‘लाउंज सूट’ म्हणजे आपला नेहमीचा सूट. सरकारी मेजवान्यांत त्याऐवजी बंद गळ्याचा कोट चालतो आणि तो बहुतेकांना अधिक शोभतो. ‘स्मार्ट कॅज्युअल’चा अर्थ यजमानागणिक बदलतो, कॉलरचा शर्ट, इस्त्रीची पँट आणि बंद बूट घातले की सहसा अडत नाही. शहरातील जुने क्लब पायांबाबत विशेष काटेकोर. १९८८ मध्ये अनवाणी फिरणारे चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना विलिंग्डन क्लबने पायात काही नाही म्हणून प्रवेश नाकारला, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयासह सरकारी कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नकोत व शुक्रवारी खादी वापरावी, असे परिपत्रक काढले होते.

खरेदीसाठी दादरचा रानडे रोड, परळजवळचे हिंदमाता आणि काळबादेवीकडचे मंगलदास मार्केट ही जुनी ठिकाणे. साडी घेतली की फॉल-पिको आणि मॅचिंग सेंटरातून ब्लाऊजपीस या दोन फेऱ्या ठरलेल्या. नेसता न येणाऱ्यांसाठी शिवलेली नऊवारी मिळते. ती पायजम्यासारखी चढवून नाडी बांधली की झाले. एका संध्याकाळीपुरती शेरवानी किंवा घागरा भाड्यानेही मिळतो. अनामत रक्कम ठेवावी लागते, आणि कपडे परत घेताना दुकानदार आधी बाह्या आणि गळा उलटून हळदीचे डाग शोधतो.