कोन मांडणारा ट्रक आणि धडक झेलणारा ट्रक: दोन्ही एक नव्हेत

रस्त्याच्या कामावर नवं यंत्र दिसलं की त्याला सरसकट ‘स्वयंचलित सुरक्षा ट्रक’ म्हणून टाकायची सवय आता सुटायला हवी. कामगारांच्या मागे राहून मागून येणाऱ्या गाडीची धडक झेलणारा ट्रक बहुतेकांच्या ओळखीचा आहे: मागे चेपून जाणारी भलीमोठी गादी, वर बाणाचे दिवे. कोन मांडणारा ट्रक वेगळा: तो लेन बंद करायला रस्त्यावर कोन, म्हणजे वाहतुकीचे शंकू, ओळीने ठेवतो. रंग, दिवे, संथ चाल ही दोघांमधली साम्यं सोडून द्या.

घोळ होतो तो माणूस नेमका कुठून हटला, याबद्दल.

लेन बंद करताना अजूनही सर्रास एक-दोन कामगार चालत्या ट्रकच्या फळीवर उभे राहून कोन खाली ठेवतात, पुष्कळदा रात्री, शेजारून भरधाव वाहनं जात असताना. मीटरभर उंचीचा कोन दहा किलोच्या आसपास भरतो. काम संपल्यावर तोच पुन्हा उचलायचा, म्हणजे धोका दुप्पट. कोन मांडणारा ट्रक ही फळीच रिकामी करतो. यंत्र चळतीतून एकेक कोन काढून ठरावीक अंतरावर ठेवतं. ट्रक मात्र माणूसच चालवतो, केबिनमध्ये बसून. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात असं यंत्र 1990च्या दशकातच विकसित झालं होतं. इतक्या वर्षांनीही माणसं फळीवर उभी आहेत, याचा मला राग येतो.

अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्याने 2017 मध्ये रस्त्यावर आणलेला, धडक झेलणारा चालकविरहित ट्रक याच्या नेमका उलट. तो पुढच्या ट्रकचा माग धरून आपोआप चालतो, पण एकाही कोनाला हात लावत नाही. मागून धडक बसली तर त्याच्या स्टिअरिंगवर कोणी नसतं, एवढाच त्याचा फायदा, आणि तो मोठाच आहे. पण असा ट्रक घेऊन ‘आता कोन मांडणं सुरक्षित झालं’ असं जाहीर करणं साफ चूक. फळीवरचा माणूस तिथेच आहे, आणि बाजूने लेनमध्ये घुसलेली गाडी मागची गादी अडवत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. कोन मांडणारा ट्रक संथ चालतो, त्यामुळे त्याच्या पाठीशी धडक झेलणारा ट्रक हवाच. कोन फक्त इशारा देतो, गाडी रोखत नाही.

धडक झेलणारा साधा ट्रक ताफ्यात असेल, तर पुढचा पैसा मी आधी कोन मांडणाऱ्या यंत्रावर घालेन. विकणाऱ्याला आडवे पडलेले कोन उचलून दाखवायला सांगा. ते जमत नसेल तर कोणीतरी पुन्हा रस्त्यावर उतरणारच.