सस्तन कोणाला म्हणायचे? एका व्याख्येची पार्श्वभूमी

अंगावर केस, पिल्लाला दूध, उष्ण रक्त, चार कप्प्यांचे हृदय, पिल्लांना जन्म देणे. सस्तन प्राण्यांची ही लक्षणे शाळेपासून पाठ असतात, पण यातली निम्मी त्यांच्या एकट्याची नाहीतच. उष्ण रक्त आणि चार कप्प्यांचे हृदय पक्ष्यांनाही असते. मगरीचे हृदयसुद्धा चार कप्प्यांचे. काही साप, शार्क आणि विंचू पिल्ले घालतात, तर बदकासारख्या चोचीचा ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस सस्तन असून अंडी घालतो. मानेत सात मणके हा नियम उंदरापासून जिराफापर्यंत लागू पडतो, पण झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारी मॅनेटी (समुद्रगाय) तो मोडतात. त्यामुळे लक्षणांची यादी हाताशी असावी, पण तिला व्याख्या समजू नये. व्याख्येचा पाया गेल्या तीनशे वर्षांत पायांवरून दुधावर, दुधावरून जबड्यावर आणि जबड्यावरून वंशावर सरकला.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून होते. डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो, हे त्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले होते आणि व्हेल-डॉल्फिनना माशांपासून वेगळे धरले होते. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र पाण्यात राहतो तो मासा, असाच हिशेब बराच काळ चालवला. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1735 साली वर्गीकरणाचा पहिला आराखडा छापला, तेव्हा त्यात ‘चतुष्पाद’ असा वर्ग होता: केसाळ अंग, चार पाय, पिल्लांना जन्म देणारी आणि दूध पाजणारी मादी. व्हेल माशांत होते. माणसाला चार पायांच्या वर्गात बसवल्याबद्दल टीकाही झाली. 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने पायांची अट सोडली, स्तन हे ओळखीचे मुख्य लक्षण केले आणि व्हेलना माशांतून उचलून याच वर्गात आणले. केस किंवा हृदय निवडूनही वर्ग जवळपास हाच राहिला असता. स्तनच का, याचा इतिहासकार अजून ऊहापोह करतात. 1752 मध्ये लिनियसने तान्ह्या मुलांना दाईकडे सोपवण्याच्या प्रथेविरुद्ध प्रबंध लिहिला होता, हा धागा त्यात हमखास येतो. माझ्या मते निवड कुठल्याही कारणाने झाली असो, ती चांगली होती, कारण दुधामागे ग्रंथी, पोषण आणि पिल्लाची वाढ अशी अख्खी यंत्रणा उभी असते.

या निवडीची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियातून आली. 1799 मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने वाळवलेल्या कातड्यावरून प्लॅटिपसचे वर्णन केले. बदकाची चोच कोणी शिवून तर दिली नाही ना, ही शंका त्याने उघड मांडली होती. पुढचा वाद जास्त गंभीर होता, कारण मादीला स्तनाग्रेच नव्हती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रिडरिश मेकेलने 1824 मध्ये तिच्या पोटावरच्या दुग्धग्रंथी दाखवल्या, तरी फ्रान्समधले एत्येन जोफ्रॉय सेंट-हिलेर त्या दुधाच्या आहेत हे मानायला तयार नव्हते. प्रत्यक्षात दूध त्वचेवरच्या दोन भागांतून पाझरते आणि पिल्लू ते तिथल्या केसांमधून चाटते. अंड्यांचा प्रश्न सुटायला 1884 उजाडले. विल्यम कॉल्डवेल यांनी क्वीन्सलँडमध्ये अंडी घालण्याच्या बेतात असलेली मादी मिळवली आणि तारेने बातमी कळवली. त्याच सुमारास विल्हेल्म हाकेंना एकिडना या काटेरी सस्तनाच्या पिशवीत अंडे सापडले. म्हणजे दूध टिकले, ‘पिल्लांना जन्म देणारी’ ही अट गेली.

पण दुधाचे जीवाश्म होत नाहीत, केसांचे क्वचितच. दगडातून निघालेली कवटी सस्तनाची की सरीसृपाची, हे ठरवायला हाड लागते. इथे मेकेल पुन्हा भेटतो. भ्रूणाच्या खालच्या जबड्यातल्या कूर्चेच्या पट्टीला त्याचेच नाव आहे. 1837 मध्ये कार्ल रायकर्टने डुकराच्या भ्रूणांत या पट्टीचा मागोवा घेतला. तिचे मागचे टोक जबड्यात राहत नाही. ते मध्यकर्णातले ‘हातोडा’ नावाचे हाड बनते. सरीसृपांत ज्या दोन हाडांवर जबडा वळतो, त्यांतले खालचे म्हणजे आपला हातोडा आणि वरचे म्हणजे आपली ऐरण. सरीसृप आणि पक्षी यांच्या मध्यकर्णात आवाज पोचवणारे हाड एकच असते. आपल्याकडे ‘रिकीब’ हे हाड धरून तीन.

जबड्याच्या सांध्यातली हाडे कानात जात असताना प्राणी चावायचा कशाने, हा आक्षेप अगदी रास्त होता. उत्तर जीवाश्मांनी दिले. सुमारे 20.5 कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या प्राण्याच्या कवटीत दोन सांधे शेजारी-शेजारी आहेत: जुना सरीसृपी आणि नवा, ज्यात दात धरणारे हाड थेट कवटीला टेकते. भार नव्या सांध्यावर गेला, जुनी हाडे बारीक होत गेली आणि कंप वाहून नेण्यापुरती उरली. कांगारूच्या नात्यातल्या ओपोसमचे पिल्लू आजही हा क्रम दाखवते. जन्मल्यावर त्याचा जबडा जुन्याच सांध्यावर हलतो, आणि कानाची हाडे पुढच्या काही आठवड्यांत सुटी होऊन मागे जातात.

मॉर्गन्युकोडॉनला दातांचे दोनच संच येत, दुधाचे आणि कायमचे. सरीसृपांचे दात बहुधा आयुष्यभर बदलत राहतात. सुरुवातीची वाढ दात नसताना झाली तर दोन संचांत भागते, आणि दात नसताना वाढायचे तर आयते अन्न हवे. म्हणून दात हा दुधाचा अप्रत्यक्ष पुरावा धरतात. विसाव्या शतकात बरीच वर्षे नवा सांधा हीच सीमारेषा मानली गेली. अडचण एवढीच, की सांधा एका दिवसात बदलला नाही, त्यामुळे रेष कुठेही ओढली तरी थोडी मनमानी होते. 1988 मध्ये टिमथी रो यांनी वंशावर आधारलेली व्याख्या मांडली: आजचे अंडी घालणारे सस्तन आणि बाकीचे सगळे सस्तन यांचा शेवटचा सामाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज. या हिशेबाने मॉर्गन्युकोडॉन वर्गाच्या उंबऱ्याबाहेर राहतो. काही संशोधक अजूनही त्याला आत धरतात, म्हणून ‘सर्वांत जुना सस्तन’ या प्रश्नाला पुस्तकागणिक वेगळे उत्तर मिळते. चूक बहुधा कोणाचीच नसते. आधी लेखकाने कोणती व्याख्या घेतली आहे ते पाहावे.

दुधाच्या मक्तेदारीलाही अलीकडे धक्के बसले आहेत. कबुतराचे नर-मादी दोघेही अन्नपिशवीत दुधासारखा स्राव तयार करतात, हे जुनेच. 2018 मध्ये उड्या मारणाऱ्या एका कोळ्याची आणि 2024 मध्ये सिसिलियन या पाय नसलेल्या उभयचराची मादी पिल्लांना पौष्टिक द्रव पाजते, असे प्रसिद्ध झाले. मात्र हे स्राव वेगळ्या अवयवांतून येतात. सस्तनांचे दूध त्वचेच्या ग्रंथींतून येते आणि त्यात केसीन प्रथिने असतात. लॅक्टोज ही दुधातली साखर घडवायला लागणारे प्रथिन तर लायसोझाइमचे, म्हणजे अश्रूंमधल्या जंतुनाशक प्रथिनाचे नातलग आहे. त्यामुळे सस्तनांच्या दुधाचे मूळ अंडी ओलसर आणि निर्जंतुक ठेवण्यात असावे, असा तर्क केला जातो. अंड्यातल्या बलकासाठी लागणारे जनुक बहुतेक सस्तनांत निकामी झाले आहेत. प्लॅटिपसमध्ये त्यातला एक अजून काम करतो.

आता हातात एखादी कवटी आली तर काय पाहायचे? खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असेल तर सस्तन, हा सोपा नियम. तो दोन ठिकाणी फसतो. प्रौढ पक्ष्यांत जबड्याची हाडे इतकी जुळून जातात की सांध्याच्या रेषा दिसत नाहीत आणि हाड एकच वाटते. उलट कुत्र्याच्या जबड्याचे दोन अर्धे हनुवटीशी सुटे होतात; ती डावी-उजवी बाजू असते, जास्तीची हाडे नव्हेत. शंका आली की जबड्याचे मागचे टोक पाहावे. सस्तनांत खालच्या जबड्यावर फुगीर गोळा असतो आणि खोबण कवटीत असते. पक्षी-सरीसृपांत खोबण खालच्या जबड्यात आणि गोळा वर. मग दाढा उलटून पाहाव्यात: एकाच दाढेला दोन किंवा अधिक मुळे, हे सस्तनाचेच चिन्ह. मगरीचा दात मात्र एकमुळी आणि शंकूसारखा, आणि उपटला तर आत पोकळीत बहुधा पुढचा दात तयार होत असलेला दिसतो. डॉल्फिनचे दातही असेच साधे शंकू असतात, म्हणून समुद्रकाठी सापडलेल्या कवटीत दातांआधी सांधा तपासावा.